कचरा वेगळा करणाऱ्या महिलांची सुरक्षा: ग्रामपंचायतीने नेमके काय करावे?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्या, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमच्या गावात घंटागाडी सुरू झाल्यापासून सुका कचरा गावाबाहेरच्या शेडमध्ये येतो आणि बचत गटाच्या चार महिला जमिनीवर बसून तो हाताने वेगळा करतात. ग्रामपंचायतीने रबरी हातमोजे आणि मास्क दिले आहेत. परंतु मोज्यांत हात घामाने भिजतात व पातळ प्लास्टिक चिमटीत धरता येत नाही, म्हणून ते खुंटीला टांगलेलेच असतात आणि तपासणी पथक येणार असेल त्या दिवशी तेवढे हातात चढतात. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्याही पोत्यांतून येतात. गेल्या हंगामात दोघींच्या हातांवर पुरळ उठले, आणि एकीला सुई टोचली तरी तिने ते आठवडाभर कोणाला सांगितले नाही. मोजे न घातल्यास मजुरी कापावी, असे सरपंचांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही.

उत्तर: आरोग्य सेविका, वर्धा जिल्हा

ताई, मजुरी कापली तर पुढची सुई टोचल्याचेही कोणी सांगणार नाही. मोजे घातले नव्हते हे उघड होईल, या भीतीने ती बाई गप्पच राहील. सुई टोचल्यास जखम दाबून रक्त काढू नये. वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी डॉक्टरांनी औषध द्यायचे ठरवले, तर ते शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते व २८ दिवस घ्यावे लागते. आठवडा उलटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. धनुर्वाताची लस आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) चौघींनाही आधीच देऊन ठेवावेत. शेडमध्ये साबण आणि पाणी नसेल, तर मोज्यांचा विषय नंतर काढावा.

उत्तर: कृषी विभागातील निवृत्त कर्मचारी, अमरावती जिल्हा

माझ्या मते तुमचा खरा धोका त्या बाटल्यांत आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक जण दगावले, हे आपण सर्व जाणतो. मात्र तेच औषध बाटलीच्या तळाशी उरते आणि शेडमध्ये बसलेल्या बाईच्या तळहातावर येते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बरीच कीटकनाशके कातडीतूनही शरीरात शिरतात, आणि घामाने ओला झालेला हात त्यांना अधिक सोयीचा असतो. म्हणून या बाटल्या घंटागाडीत घ्यायच्याच नाहीत, असा ठराव ग्रामसभेत करावा. शेतकऱ्याने फवारणीच्या वेळीच बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपाच्या टाकीत ओतावे (औषधही वाया जात नाही, हे सांगितले की लोक ऐकतात) आणि बाटलीला भोके पाडावीत. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितले आहे. भंगारात विकणे तर त्यात कुठेच बसत नाही. पुरताना विहीर आणि नाला जवळ नसावा. तरीही एखादी बाटली शेडमध्ये आलीच, तर तिच्यावरील त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत घातक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. कोणाला मळमळ, अतिघाम किंवा लाळ सुरू झाल्यास कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि दवाखान्यात जाताना बाटलीचे लेबल सोबत न्यावे. उपचार औषधाच्या प्रकारावर ठरतात.

उत्तर: तालुका प्लास्टिक केंद्राचा चालक, चंद्रपूर जिल्हा

वरील दोघांशी सहमत. मोजे बदलून पाहा: सुती विणीचे, तळव्याला नायट्राइलचा लेप असलेले मोजे हवेशीर असतात आणि त्यांत चिमटीही बसते. अर्थात ते काचेपासून वाचवतात. सुई त्यांतून आरपार जाते. त्यामुळे पोते थेट हाताने उपसण्याऐवजी कमरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या टेबलावर ओतावे आणि दाताळ्याने पसरावे. गावातला वेल्डर असे टेबल सहज करून देईल, बायकांची पाठही वाचेल, आणि पावसाळ्यात ढिगाखाली दडलेल्या विंचू-सापांवर नकळत हात पडणार नाही. पायांत गमबूट हवेतच. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून काम सकाळी सहाला सुरू करून दहा-साडेदहाला थांबवतो. पुढे यंत्र आले तर पदर आणि ओढणी पट्ट्यापासून दूर ठेवण्यासाठी जाळीचे आवरण लावा, आणि अडकलेले प्लास्टिक मेन स्विच बंद केल्याशिवाय काढू देऊ नका.

आणखी एक. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण मिळते. चौघींचे हप्ते ग्रामपंचायतीने भरले, तरी वर्षाला ८० रुपयेच होतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. टेबल आणि लसीकरण या महिन्यातच होऊ शकेल. बाटल्यांच्या ठरावाला मात्र विरोध होईल, कारण भंगारवाला त्यांचे पैसे देतो. फवारणी सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत कृषी सहायकांना बोलावून हा विषय मांडते. मजुरीकपातीचा प्रस्ताव मागे घेण्याविषयी सरपंचांशी त्याआधीच बोलेन.