चँडलरहून पॅटागोनिया: आईबाबांना घेऊन जाण्याजोगा रस्ता आहे का?

चँडलरवासी
नमस्कार. माझे आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या चँडलरला, आले आहेत. ग्रँड कॅन्यन आणि सेडोना पाहून झाले, परंतु दोन्हीकडच्या गर्दीने ती दोघेही थकली. आता त्यांना एखादे लहानसे, शांत गाव पाहायचे आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुक्कामाची सहल करावी असा विचार आहे. माझ्या मनात अ‍ॅरिझोनातल्याच बिस्बी आणि पॅटागोनिया या दोन गावांची नावे आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना वळणांच्या रस्त्यावर मळमळते, हे लक्षात घेऊन कोणते गाव निवडावे आणि कोणत्या रस्त्याने जावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वाळवंटी_वाटसरू
पॅटागोनियालाच जा. बिस्बी हे तांब्याच्या खाणीचे जुने गाव मला अतिशय आवडते, पण ते डोंगरउतारावर वसलेले असल्यामुळे तिथे पदोपदी जिने लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते गाव नीट पाहता येत नाही. पॅटागोनिया सपाटीवर आहे. वस्ती हजाराच्याही आत, आणि गावाच्या मधोमध, जिथून पूर्वी आगगाडीचे रूळ जात होते, तिथे आता लांबलचक हिरवी बाग आहे. 1900 साली बांधलेले रेल्वे स्थानक अजून उभे आहे आणि त्यातून गावाचा कारभार चालतो.

टूसॉन ओलांडल्यावर आय-10 महामार्गावरून वेल (Vail) या गावाच्या पुढे राज्यमार्ग 83 धरावा. सुरुवातीला ओकोटिओची काटेरी झुडपे आणि मेस्कीट दिसतात. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, त्यामुळे बाबा ती लगेच ओळखतील. पुढे चढ लागतो, सांता रीटा पर्वतरांग उजवीकडे सोबतीला येते आणि काही मैलांतच ओसाड जमीन संपून क्षितिजापर्यंत पिवळे गवत पसरते. वाटेतले सोनोइटा हे गाव सुमारे 4,900 फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. वाळवंट म्हणजे केवळ वाळू आणि निवडुंग ही आपली समजूत त्या पठारावर पार पुसली जाते, आणि माझ्या मते या सहलीतली पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे. सोनोइटाहून राज्यमार्ग 82 ने पॅटागोनिया अवघे बारा मैल. वळणे 83 वर थोडी आहेत, तेव्हा तेवढ्या टप्प्यात बाबांना पुढच्या आसनावर बसवावे आणि गाडी सावकाश चालवावी.

दोन_पिढ्या
वरील माहितीत एक महत्त्वाची भर घालते. हा प्रदेश मेक्सिकोच्या सीमेला लागून असल्यामुळे परतताना, उत्तरेकडे येणाऱ्या वाहनांसाठी, सीमा गस्त दलाचे तपासणी नाके लागते. आईबाबांचे मूळ पारपत्र आणि आय-94 ची (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत, तसेच तुमचीही कागदपत्रे जवळ असू द्या. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर विसंबू नका. आम्ही सासूबाईंचे पारपत्र घरीच विसरलो होतो. नाक्यावर आमची विचारपूस झाली आणि थोड्या वेळाने सोडलेही, पण तेवढ्या वेळात त्यांच्या हाताला कंप सुटला होता, तो मला अजून आठवतो.

आता आनंदाची गोष्ट. गावात पेटन सेंटर फॉर हमिंगबर्ड्स, म्हणजे हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांना पाहण्याचे ठिकाण आहे. एका दांपत्याने आपले परसदार वर्षानुवर्षे अनोळखी पक्षिनिरीक्षकांसाठी खुले ठेवले होते. त्यांच्या पश्चात टूसॉनच्या ऑडुबॉन या पक्षिसंवर्धन संस्थेने ती जागा सांभाळली. प्रवेश विनामूल्य आहे, आणि पक्ष्यांच्या साखरपाण्यासाठी ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावे अशी प्रथा आहे. बाकावर बसूनच सर्व दिसते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. सासूबाईंना प्रथम ते आपले शिंजीर वाटले. मग त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक पांढऱ्या छातीचा, जांभळ्या डोक्याचा आणि लाल चोचीचा पक्षी हवेतच स्थिर उभा राहून साखरपाणी पिऊ लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हा तर फांदीला टेकतच नाही!” त्यानंतर तासभर त्या तिथून हलल्या नाहीत.

चँडलरवासी
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅटागोनियाच नक्की केले. सकाळचा वेळ हाती राहील, तर जवळपास आणखी काय पाहावे?

वाळवंटी_वाटसरू
गावालगत सोनोइटा ओढ्याकाठी नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेचे राखीव रान आहे. तिथले कॉटनवूड वृक्ष शंभर फुटांच्या आसपास उंच आहेत आणि मार्चमध्ये त्यांना कोवळी पालवी फुटते. ते रोज उघडे नसते, म्हणून वेळ आधी पाहून घ्यावी. परतताना आल्या वाटेने न येता 82 ने सीमेवरच्या नोगालेस गावाला उतरून आय-19 महामार्ग धरावा, मात्र नाके त्याही मार्गावर आहे. या महामार्गावरील अंतरे मैलांऐवजी किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत. बाबांना पाट्या वाचायला सांगा.

दोन_पिढ्या
आणि रात्रीसाठी स्वेटर घ्या. मार्चमध्येही तिथे चांगलीच थंडी पडते.