बाहेर उणे २२ आणि डबक्यात मॉली मासे पोहतायत: काढायचे की राहू द्यायचे?

कॅलगरीकर
नमस्कार मंडळी. जानेवारीत सासू-सासरे आलेले, त्यांना इथल्या (कॅनडातल्या) बॅन्फच्या डोंगराळ पार्कात नेलं. बाहेर उणे २२, सासऱ्यांनी माकडटोपीवर माझ्या पोराची लोकरी टोपी चढवलेली. केव्ह अँड बेसिन म्हणून गरम झऱ्यांची जागा आहे, तिच्या खाली एक दलदल आहे, त्यावर फळ्यांची पायवाट आहे, गरम झऱ्याचं पाणी वरनं तिथंच उतरतं. आजूबाजूला गुडघाभर बर्फ आणि मध्ये हिरवंगार शेवाळ, वर वाफ. सासरे कठड्यावरनं वाकले आणि ओरडले, अहो जावईबापू, हे तर आपले गप्पी!

गप्पी नव्हते, पण चुलत भाऊच. गॅम्बुसिया. डास खावेत म्हणून १९२४ साली मुद्दाम आणून सोडलेले. त्यानंतर १९६०च्या सुमारास लोकांनी घरच्या टाकीतले मासे आणून ओतायला सुरुवात केली, त्यातले सेलफिन मॉली आणि लालभडक ज्युएल सिक्लिड तिथं टिकले आणि त्यांना पिल्लंही झाली. या दलदलीचा स्वतःचा एक मासा होता, बॅन्फ लाँगनोज डेस, बोटभर लांबीचा, जगात दुसरीकडे कुठंच नाही. तो १९८७ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला.

माझं मत सांगतो, शिव्या घालायच्या तर घाला. डेस गेला, परत येणार नाही. हे मासे त्या कोमट पट्ट्याबाहेर पडले तर बो नदीच्या पाण्यात जगूच शकत नाहीत. म्हणजे ते तिथं अडकलेलेच आहेत. शंभर वर्षं झाली, आता बगळे न् साप त्यांच्यावर पोट भरतात. मग त्यांना काढायला पैसा आणि माणसं कशाला लावायची? त्यांनी आता कुणाचं घोडं मारलंय?

खारी_बटर
घोडं नाही मारलं, डेस मारला. तुम्हीच वर लिहिलंय की.

टाकीवाला
पंचवीस वर्षं मासे पाळतोय त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकणार हे आधीच सांगतो. कॅलगरीकरांशी बऱ्यापैकी सहमत. जर्मनीत कोलोनजवळ गिलबाख नावाचा ओढा आहे, त्यात कोळशाच्या वीजकेंद्राचं गरम पाणी सोडतात, त्यामुळे भर हिवाळ्यात गप्पी, कन्व्हिक्ट सिक्लिड सगळी मंडळी तिथं नांदतात. पण काही किलोमीटर खाली गेलात की पाणी गार आणि मासे गायब. केंद्र बंद झालं की खेळ खलास. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला काचेच्या कारखान्याच्या गरम पाण्यावर कालव्यात गप्पी वाढले होते, तिथंही सगळं त्या पाण्याच्या जिवावर होतं. सिक्लिडचं नावच कन्व्हिक्ट, अंगावर कैद्याचे पट्टे, आणि राहतो पण कैद्यासारखाच. असल्या माशाला आक्रमक म्हणणं म्हणजे येरवड्यातल्या माणसाने शहर काबीज केलं म्हणण्यासारखं आहे.

पाणवठा
टाकीवाला, उपमा झकास आहे पण तुरुंगात आधीपासून कोण राहतंय ते बघा ना. वीजकेंद्राच्या ओढ्याला ते गरम पाणी काल मिळालंय, तिथं गरम पाण्याचं खास असं कुणी नव्हतंच. नैसर्गिक झरा हजारो वर्षं जुना असतो आणि त्यात जो जीव असतो तो बहुतेक वेळा फक्त त्याच झऱ्याचा असतो. नेवाडात पाहरानागट खोरं आहे, तिथल्या गरम झऱ्यांत व्हाइट रिव्हर स्प्रिंगफिश नावाचा मासा राहतो. त्याला जगात घर म्हणजे ही चार-दोन कुंडं. तिथं कुणीतरी मॉली आणि कन्व्हिक्ट सोडले. आता कन्व्हिक्ट कसा असतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात आणि जवळ येईल त्याला फाडतात. मोठ्या नदीत बिचारा दुसरा मासा चार हात लांब जाऊन राहील. कुंडात कुठं जाणार? म्हणजे झरा लहान आहे म्हणून नुकसान कमी असं तुम्ही म्हणताय, तर झरा लहान आहे म्हणूनच नुकसान पूर्ण होतं असं माझं म्हणणं आहे.

आणि बाहेर पडत नाहीत हे पण सरसकट खरं नाही. वायोमिंगमध्ये ग्रँड टीटनच्या पार्कात केली वॉर्म स्प्रिंग आहे, पाणी साधारण २७ डिग्री, पर्यटकांनी पिढ्यान्पिढ्या तिथं टाक्या रिकाम्या केल्या. गप्पी, स्वोर्डटेल, कन्व्हिक्ट, आणि त्यांच्यासोबत गोल्डफिश. आता गोल्डफिशला थंडीचं काय कौतुक? तो बर्फाखालीही काढतो दिवस. त्या झऱ्याचं पाणी खाली स्नेक नदीकडे जातं. शेवटी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पार्कवाल्यांनी रोटेनोन टाकून झरा साफ करायला घेतला.

कॅलगरीकर
रोटेनोन म्हणजे विषच ना? मासे वाचवायला मासे मारायचे. छान.

खाडीकाठ
रोटेनोन डेरिस नावाच्या वेलीच्या मुळात असतं, आपल्या करंजाच्या कुळातली वेल. आमच्याकडे पालघर भागात गेळ्याची फळं कुटून डोहात टाकतात, मासे गुंगतात आणि वर येतात, तत्त्व साधारण तेच, फक्त तिकडे मोजूनमापून. (अवांतर: गरम झऱ्याला कोकणात सरळ 'उन्हाळं' म्हणतात, राजापूरजवळ त्याच नावाचं गाव आहे. वॉर्म स्प्रिंग, हॉट स्प्रिंग काय लावलंय.)

पाणवठा
कॅलगरीकर, तुमचा त्रागा कळतो पण बॅन्फला विष टाकायचा प्रश्नच येत नाही, कारण तिथल्या झऱ्यांत बॅन्फ स्प्रिंग्ज स्नेल आहे. गोगलगाय, लिंबाच्या बीएवढी. ती त्या डोंगराच्या मोजक्या झऱ्यांतच सापडते आणि संकटग्रस्त आहे. तिच्या आसपास विषाची रिस्क कोण घेणार? म्हणून सापळे लावून काढणं एवढंच उरतं. आणि गॅम्बुसियाच्या बाबतीत ते म्हणजे चाळणीने विहीर उपसणं. एक गाभण मादी गवतात राहिली की संपलं.

टाकीवाला
हे मात्र कबूल. गप्पीची मादी एकदा नराशी जमली की कित्येक महिने तेच बीज पोटात साठवून ठेवते आणि दर महिन्याला पिल्लं टाकते, अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं. माझ्याकडे एक मादी आठ महिने एकटी बरणीत होती तरी तीनदा व्याली. आई मला म्हणाली ही काय कुंती आहे का.

निळा_खंड्या
टेक्सासमधल्या ऑस्टिनहून लिहितोय. तुम्ही सगळे माशांवरच अडकलाय. आमच्या इथे न्यू ब्राउनफेल्सला कोमाल स्प्रिंग्ज आहेत, कढत नाही, पण बारा महिने साधारण २३ डिग्री. तिथं टाकीच्या धंद्यातनं एक गोगलगाय आली. टाकीत झाडं लावणाऱ्यांना माहीत असेल, वाळूत घुसून बसणारी, निमुळत्या शंखाची, ट्रम्पेट स्नेल म्हणतात. तशी हिंदुस्थानातलीच, आपल्या तळ्यात रग्गड असते. तर तिच्या अंगात एक परजीवी, तो तिथल्या फाउंटन डार्टर नावाच्या माशाच्या कल्ल्यांत जाऊन बसतो. हा डार्टर आधीच संकटग्रस्त. गोगलगाय कुणी मुद्दाम सोडली असेल असं पण नाही, झाडाच्या मुळाला चिकटून आली असेल. म्हणजे 'मी फक्त दोन मासे सोडले' असं नसतंच, मासे, पाणी, शेवाळ, जंत, सगळी वरात जाते.

सॅन मार्कोस नदीत तर टाकी साफ करायला आणतात तो सकर मासा इतका झालाय की लोक भाला घेऊन पाण्यात उतरतात. काठात बिळं पाडतो तो.

सावळा_गोंधळ
सगळ्यांचा अभ्यास दांडगा आहे पण एक विचारू का, तुम्ही कधी मलेरियाच्या वॉर्डात बसलाय? मी आरोग्य खात्यात १९ वर्षं काढली. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे मी स्वतः भिंतींवर रंगवलंय. पावसाळ्याआधी डबा घेऊन विहिरी, हौद, बंद पडलेली कारंजी, सगळीकडे सोडायचो. १९२४ ला त्या कॅनडातल्या बाबाने तेच केलं. त्याला डेसचं नाव तरी माहीत असेल का? आज एसीत बसून त्याला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे.

पाणवठा
दादा, तुमच्या कामाला हात जोडून नमस्कार, पण बंद हौद वेगळा आणि ओढा वेगळा. हौदातला गप्पी हौदातच राहतो, म्हणून तिथं सोडायला माझा काहीच विरोध नाही. आणि ओढ्यात डासाच्या अळ्या खाणारे आपले देशी मासे असतातच की, पिकू आहे, डानिओ आहेत.

सावळा_गोंधळ
ओढ्यात पण सोडलेत आम्ही. गटारात सोडलेत. खोटं कशाला बोलू. वरनं डबा यायचा तो संपवायचा.

खारी_बटर
हे वाचून मला वेगळंच सुचतंय. बॅन्फला निदान दलदलीच्या कडेला थंडी पहारा देते. आपल्याकडे वज्रेश्वरीचं कुंड कशाला हवंय गप्पीला? तानसा काय, मुळा काय, वर्षभर कोमटच. कॅलगरीकरांचा 'अडकलेत बिचारे' हा मुद्दा तिथं चालत असेल, इथं अख्खी नदीच उन्हाळं आहे. आणि आपण पडलो सगळं पाण्यात सोडणारे. निर्माल्य सोडा, गणपती सोडा, बदली झाली की मासे सोडा. वर पुण्य लागतं अशी समजूत.

कॅलगरीकर
खारी, हे मात्र लागलं. सांगतो. २००९ ला पुणं सोडलं तेव्हा माझ्याकडे दोन सकर होते, प्रत्येकी वीतभर. ज्या दुकानातनं घेतले तो म्हणाला परत घेत नाही, जागा नाही. मित्र घेईना. शेवटी बादलीतनं नेऊन नदीत सोडले, आणि तेव्हा चांगलं वाटलं होतं हो, खरंच. त्यातला एक जरा वेळ काठापाशी दगडाला चिकटून राहिला, मग गेला.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. नवीन सोडू नका याला हजारदा होकार, दंड करा, फलक लावा. पण बॅन्फमध्ये आत्ता जे आहेत त्यांना काढून कुणाला जागा करून देताय? ज्याच्यासाठी करायचं तोच उरला नाही. आणि डेस फक्त या माशांमुळे गेला असंही नाही, वरच्या पोहायच्या तलावाचं क्लोरीनचं पाणी त्याच दलदलीत यायचं, शिवाय बाहेरच्या साध्या डेसशी त्याचा संकर झाला.

पाणवठा
क्लोरीन बंद करता आलं, तलावच बंद झाला. संकर थांबवता आला नाही आणि मॉली काढता आले नाहीत. यातलं उलटं फिरवता येणारं कुठलं ते बघा. आणि जागा कुणासाठी म्हणाल तर त्या लिंबाच्या बीसाठी. सगळं डबकं एकमेकांशी जोडलेलं असतं. उद्या कुणी असला मासा सोडला जो वरच्या कुंडातल्या गरम पाण्यातही टिकतो, तर? 'आधीचे आहेतच की' असं दिसलं की पुढच्या माणसाला बादली ओतायला हुरूप येतो.

टाकीवाला
या शेवटच्या वाक्यावर मी बाजू थोडी बदलतो. दुकानात रोज बघतो, कुणीतरी विचारतंच, तळ्यात आहेत ना हे आधीच, मग माझे दोन सोडले तर काय बिघडतं.

निळा_खंड्या
आणि न्यूझीलंडवाले कुठे गेले? टाउपोकडे गरम झऱ्यांत गप्पी आणि सेलफिन मॉली दोन्ही आहेत असं वाचलंय, कुणी राहतं का तिकडे?

शेपूट_हलवा
मी चिंचवडला असते, न्यूझीलंडला नाही, सॉरी. पण धागा वाचून विचारायचं होतं. माझ्याकडे कन्व्हिक्टची जोडी आहे, परवाच चौथ्यांदा पिल्लं झाली, शंभरेक तरी असतील, कुंडीच्या तुकड्याखाली घेऊन बसलेत आणि हात घातला की चावतात. नवरा म्हणतो पवनेत सोडून ये. नाही सोडत. पण करू काय?

टाकीवाला
ताई, पिल्लं मला द्या, माझ्याकडे ऑस्कर आहे, मोठा मासेखाऊ मासा. कसं वाटेल ते माहीत नाही, पण तो खाईल. मोठ्या जोडीचं म्हणाल तर मधे काच टाकून नर-मादी वेगळे ठेवा, नाहीतर पाचव्यांदा होतील.

शेपूट_हलवा
खाईल म्हणजे? सगळी?

टाकीवाला
सगळी. तीन-चार दिवसांत.

शेपूट_हलवा
नवऱ्याला विचारून सांगते.