‘बी-७०१ ला बॉयकॉट करा’

सी-२०३: आता हद्द झाली. लिफ्टच्या कामाची वर्गणी बी-७०१ सोडून सगळ्यांनी दिली. सरळ बॉयकॉट करा. गणपतीत आरतीला बोलवायचं नाही, वॉचमननं पार्सल घ्यायचं नाही.

ए-१०४: सहमत 👍

बी-३०२ मॅडम: भाऊ, जरा जपून. बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव आहे.

डी-५०१: जेफ्री बॉयकॉट! १९६७, हेडिंग्ले, आपल्याविरुद्ध नाबाद २४६. आणि पुढच्या कसोटीला संघाबाहेर, का तर फार संथ खेळला 😂

ए-१०४: आपली लिफ्ट त्याच्याहून संथ आहे.

सी-२०३: विषय भरकटवू नका. लिफ्टचे पैसे कधी?

बी-३०२ मॅडम: तो नाही हो. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. आदल्या वर्षी पिकं बुडालेली, म्हणून १८८० मध्ये कुळांनी खंडात सूट मागितली. यानं घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. मग पंचक्रोशीनं त्याच्याशी व्यवहारच तोडला. शेतमजूर निघून गेले, दुकानदार माल देईनात, टपालसुद्धा नीट पोचेना.

ए-१०४: म्हणजे आपण म्हणतोय तेच की!

बी-३०२ मॅडम: अजिबात नाही. तिथे कुळं नडलेली आणि कारभाऱ्याच्या पाठीशी सरकार. त्याचं पीक काढायला कॅव्हन आणि मोनॅहन या परगण्यांतून ५० माणसं आणली, त्यांच्या राखणीला जवळपास १,००० सैनिक-पोलीस. ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले असं तेव्हा म्हणायचे. डिसेंबरात तो आयर्लंड सोडून गेला. इथे सगळी सोसायटी एका घरावर तुटून पडणार, आणि तेही लिफ्टसाठी?

सी-२०३: इतिहास छान आहे. लिफ्टचे पैसे कधी?

नाना (ए विंग): टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होताच ना मॅडम? तेव्हा चालला, मग आता का नाही?

बी-३०२ मॅडम: नाना, तो विलायती मालावर होता, परक्या सरकारविरुद्ध. शेजारच्या घरावर नव्हता. वाळीत टाकणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. जातपंचायतींनी घरंच्या घरं उठवली, म्हणून तर आपल्या राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. ३ वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

सी-२०३: आम्ही जातपंचायत? वा! आधी तुमची गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमधून काढा.

बी-३०२ मॅडम: गाडीचं मी कमिटीला लेखी कळवलंय. आपण वाचलं नसेल.

डी-५०१: मॅडम, पण त्या आडनावाचं क्रियापद कोणी केलं?

बी-३०२ मॅडम: तिथले फादर जॉन ओमॅली. ‘ऑस्ट्रसाइझ’, म्हणजे वाळीत टाकणं, हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून त्यांनी कारभाऱ्याचं नावच सुचवलं, असं जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकारानं लिहून ठेवलंय. १८८० च्याच नोव्हेंबरात लंडनच्या वर्तमानपत्रात शब्द छापूनही आला.

बी-७०१: मी या ग्रुपमध्ये आहे, याची आठवण असू द्या. वर्गणीचा हिशेब मागितलाय, अर्ज ऑफिसात पडून आहे. हिशेब मिळाला की त्याच दिवशी पैसे देते.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. कोणावरही बहिष्कार वगैरे काही नाही. थकबाकीला नोटीस असते, पुढे उपनिबंधकांकडून वसुली दाखला. ताई, अर्जाला उशीर झाला खरा. रविवारी हिशेब बोर्डवर लावतो.

सी-२०३: रविवारी मी गावाला आहे. इथेच टाका, बिलांसकट.