ब्रॅडीकार्डियाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न घरातूनच आला. गोव्यातल्या म्हार्दोळचे आमचे काका, वय ७१, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. नेहमीच्या तपासणीत ईसीजी काढला आणि कागद घेऊन घरी आले. वर मशीनने आपोआप छापलेली ओळ: साइनस ब्रॅडीकार्डिया, ५२. लॅबमध्ये कुणी चकार शब्द सांगितला नाही. रात्री चुलतबहिणीचा फोन. “ब्रॅडीकार्डिया म्हणजे काय गे? मोबाइलवर मराठी अर्थ बघितला तर ‘हृदय मंदावणे’ आला. बाबा तेव्हापासून जेवलेले नाहीत.” मागून काकांचा आवाज ऐकू आला, “काळीज रावतलें काय?” म्हणजे, हृदय थांबणार की काय?

शब्द मूळ ग्रीक. ‘ब्रॅडिस’ म्हणजे संथ, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देतं. ६०च्या खाली आले की ब्रॅडीकार्डिया. शब्दाचा अर्थ इथे संपतो. हृदय दुबळं झालंय, थांबत आलंय, असं त्यात कुठेच नाही. झोपेत ठोके ६०च्या खाली जातात, रोज लांब पल्ला धावणाऱ्यांचे तर जागेपणीही चाळिशीत असतात. आणि ‘साइनस’ हा तर धीर देणारा शब्द: ठोक्याचा इशारा नेहमीच्याच जागेवरून, साइनस नोडमधून निघतोय. काकांना नेमका तोच अर्धा भाग कुणी सांगितला नव्हता.

‘मंदावणे’वर माझा आक्षेप आहे. मंदावतं ते, जे आधी नीट चाललं होतं. धंदा मंदावतो, पावसाचा जोर मंदावतो. क्रियापदातच उतरण आहे. ज्याची नाडी पहिल्यापासून ५० आहे त्याचं काय मंदावलं? ७५ची नाडी ४०वर आली, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चार पायऱ्यांवर दम लागतो, तिथे हे क्रियापद खुशाल वापरा. तिथे ते खरंही आहे आणि त्या माणसाने डॉक्टर गाठायलाच हवा.

मग ‘मंद नाडी’? जुना शब्द आहे, वैद्य वापरत आले आहेत. शार्ङ्गधरसंहितेत कफाच्या नाडीला हंसाची आणि पारव्याची चाल दिली आहे, आणि ती उपमा मला अजून आवडते. पण आजच्या बोलीत ‘मंद’ दोन वाटांनी जातो. मंद चाल म्हणजे हळू, पण मंद दिवा म्हणजे कमी उजेडाचा. ‘नाडी मंद आहे’ म्हटलं की घरचे लोक ‘नाडी लागत नाही’ असं ऐकतात. वेग कमी असणं वेगळं आणि जोर कमी असणं वेगळं. जोर कमी असेल तर ‘क्षीण नाडी’ म्हणावं. ‘ठोका चुकणे’ तर तिसरीच गोष्ट.

म्हणून माझं मत ‘संथ’ला. ‘ठोके संथ आहेत.’ संथ पाण्यात जोर नसतो असं कुणी समजत नाही. परिभाषेत ‘संथस्पंदन’ शोभेल, पण पेशंटशी बोलताना साधं वाक्यच बरं.

दुसऱ्या दिवशी म्हार्दोळला गेले. ईसीजीचा कागद ओसरीवर पसरला आणि काकांना दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजायला लावले. पाच चौकोन म्हणजे ६०चा वेग. काकांचे पाच भरून सहाव्यात जात होते, पण प्रत्येक वेळी तितकेच. काका सप्ताहात पखवाज वाजवणारे. बोट कागदावरून फिरवत म्हणाले, “म्हणजे लय विलंबित. सम चुकत नाही.” इतका नेमका अर्थ मला कोशात सापडला नव्हता. सम चुकते तो प्रकारही असतो: वरच्या कप्प्याचा इशारा खाली पोचतच नाही, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात, आणि त्यातल्या काहींना पेसमेकर बसवावा लागतो. ‘संथ’ शब्दाने तो भेद कळत नाही, तो डॉक्टरांनीच सांगायचा.

एक वापराची गोष्ट. ‘ब्रॅडीकार्डिया झाला’ म्हणू नये. डायबेटिस होतो, मलेरिया होतो. ब्रॅडीकार्डिया ‘आढळतो’. ते निरीक्षण आहे, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं: थायरॉइड कमी असणं, वयानुसार साइनस नोड थकणं, किंवा एखादं औषध. काकांची बीपीची गोळी ॲटेनोलॉल निघाली, ती नाडी खाली आणतेच. चुलतबहीण ती त्याच दिवशी बंद करणार होती. तिला थांबवलं, कारण ही गोळी एकदम सोडणं धोक्याचं असतं.

सोमवारी काका डॉक्टरांसमोर बसले आणि स्वतःच म्हणाले, “ठोके संथ आहेत, चक्कर नाही, दम नाही.” डॉक्टरांनी डोस अर्धा केला.