पहिल्यांदाच सर्फिंग, पाच जण: कुठे शिकावं?

टीवाय_माटुंगा: आम्ही वर्गातले ५ जण. परीक्षा संपली की डिसेंबरात सर्फिंग शिकायचंय. बजेट माणशी ४,०००, येणंजाणं धरून. दोघांना पोहता येत नाही. मुंबईतच जमेल का?

अनघा_वर्सोवा: मुंबईत अजिबात नको. जुहूला पावसाळ्यात निळे जेलीफिश येतात, अक्साला पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढतं. माझ्या धाकट्या भावाला जीवरक्षकांनी बाहेर काढलंय. गोव्याला जा.

ठाणेकर_बोर्डवाला: भाड्याच्या बोर्डांचे हाल बघवत नाहीत. स्वतःचाच घ्या. माझा ९ फुटी सॉफ्ट बोर्ड ४० हजारांना पडला, ५ वर्षांत एक ओरखडा नाही.

टीवाय_माटुंगा: दादा, माणशी ४,००० आहेत हो.

ठाणेकर_बोर्डवाला: मग पाच जणांत मिळून घ्या. वस्तू घरात राहते.

खारा_वारा: आणि ती लोकलमधून नेणार कशी? पहिल्या दिवशी भाड्याचाच घ्या, ८-९ फुटी, वरून मऊ फोमचा. गोव्यात मांद्र्याला शिकताना मी काय चुकलो ते सांगतो. बोर्डाची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. माझ्या पट्ट्याच्या वेल्क्रोत वाळू भरलेली, मी न झटकता तशीच बांधली. तिसऱ्या लाटेला दोरी सुटली, बोर्ड गेला किनाऱ्याला आणि मी राहिलो छातीभर पाण्यात. पट्टा धुऊन, ओढून बघा. पडताना सूर मारू नका, आडवे पडा आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हवाच, नाहीतर पोट आणि छाती सोलून निघते.

मालवणी_माणूस: सर्फिंगपेक्षा आमच्या तारकर्लीला स्कूबा करा. पोहता येत नसेल तरी चालतं.

अनघा_वर्सोवा: ते सर्फिंग विचारतायत, स्कूबा नाही.

मालवणी_माणूस: ताई, समुद्र तोच. आणि जेवण? गोव्यात माशाच्या थाळीचे भाव विचारून या.

परळचा_पक्या: गोवाच बरा. रात्रीची कोकणकन्या पकडा, थिवीला उतरा. डिसेंबरच्या शेवटी मात्र नको, खोल्यांचे भाव दुपटीने चढतात.

दोन_मुलांची_आई: पोहता न येणाऱ्यांना कुणी काहीच कसं सांगत नाही? दोरी बांधली म्हणजे झालं असं नाही. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून पांढऱ्या झालेल्या लाटांवरच शिकवतील अशी जागा बघा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधला शांत, गडद पट्टा दिसतो ना, ओढ बहुतेक तिथेच असते. नवखी मुलं नेमकी तिथेच उतरतात.

खारा_वारा: हे लाखमोलाचं. त्या दोघांना आधी तलावात घाला.

ठाणेकर_बोर्डवाला: जुना बोर्ड २० हजारांतही मिळतो, बघा.

टीवाय_माटुंगा: सगळ्यांचे आभार. गोवा नाही, मुल्कीला चाललोय, उडुपी आणि मंगळुरूच्या मध्ये. एकाची आत्या तिथे राहते, राहणं-जेवण तिच्याकडे, म्हणून पैसे शिकण्यावर घालता येतील. दोघांनी शिवाजी पार्कच्या तलावात नाव घातलंय. काल पहिल्यांदा काठ सोडून चार हात मारले. मत्स्यगंधाची स्लीपरची तिकिटं काढली, चार पक्की, एक वेटिंगवर.

परळचा_पक्या: आम्ही गोवा सांगत होतो ना!