कथा-कादंबऱ्या वाचून विश्वास बसू शकते का?

धुऱ्यावरची
नमस्कार, इथं बरेच ख्रिस्ती वाचक दिसतात म्हणून विचारून राहिली. आम्ही ख्रिस्ती नाही. दारव्हा तालुक्यात गाव, कोरडवाहू शेती, कापूस न तूर. माझी मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, ती रिटायर झाली तं पुस्तकांची एक पेटी माझ्याकडे पाठवून दिली, सगळ्या इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्या. टाइमपास म्हणून हातात घेतल्या न आता सुटत नाही.

एकीत दोन बहिणी बापाच्या घरावरून बोलणं टाकून बसल्या असतात, मग मोठी आजारी पडते तं धाकटी काही भाषण-बिषण न देता रोज जाऊन तिचं पाणी भरते, चूल पाहते, बस एवढंच, माफी-बिफी कोणीच मागत नाही. आता आमचं पण भासऱ्यांसोबत, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासोबत, धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आहे, मोजणीपर्यंत गेलेलं. यंदा जाऊबाईला तूर सोंगाले मजूर मिळत नव्हते तं मी विळा घेतला न जाऊन उभी राहिली. तिनं काही म्हटलं नाही, मी पण नाही, पण दुपारी तिनं भाकर दिली. घरी नवरा म्हणते पुस्तकं वाचून तुले याड लागलं, उद्या धर्म बदलतो म्हणशील.

मले विचारायचं असं की हे जे आतून आलं त्याले विश्वास म्हणायचं का नुसता गोष्टीचा अंमल आहे, चार दिवसांत उतरून जाईल? कारण ती धाकटी बहीण तं खरी नाहीच ना, कोणीतरी मनानं लिहिली. अन् मराठीतलं आपलं असं काही असलं तं तेही सांगा.

मंडळीतली ताई
ताई जय ख्रिस्त. मी अचलपूरकडची, मिस्टर चर्चचे पाळक आहेत. गोष्ट खरी नाही म्हणून कमी समजू नका, प्रभू येशूनं स्वतः लोकांना शिकवलं ते जास्त करून दाखल्यांतूनच, म्हणजे बोधाच्या छोट्या गोष्टींतून, त्यातला तो उधळ्या मुलगा तरी कुठं खरा होता. आणि तुमच्या धुऱ्याचंच बायबलातल्या लूकच्या पुस्तकात आहे बघा, १२वा अध्याय. गर्दीतून एक जण उठून म्हणतो गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, तर येशू सरळ म्हणतो मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमलं, आणि त्याला उत्तर द्यायच्या ऐवजी एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो ज्याला इतकं पीक होतं की तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. वाटणीचा निकाल दिलाच नाही. मला हे फार आवडतं, कारण आमच्याकडे पाळकाकडे लोक निकालच मागायला येतात.

दावीद राजाचंही वाचा, बायबलातलंच दुसरं शमुवेल, अध्याय १२. एवढा मोठा राजा, दुसऱ्याची बायको घेतली, नवऱ्याला लढाईत पुढं उभं करून मारवलं, आणि नाथान संदेष्टा येऊन काय करतो तर गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा भडकतो, म्हणतो असा माणूस मेलाच पाहिजे, तेव्हा नाथान म्हणतो तो माणूस तूच. तोंडावर पाप सांगितलं असतं तर ऐकलं असतं का त्यानं?

फक्त एक सांगते, कादंबरीवर थांबू नका. बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान घ्या, येशूची हकीकत आहे, एका बैठकीत होतं. धर्म बदलायचं वगैरे घाईनं कोणी करायला लावलं तर ऐकू नका, आणि मिस्टरांना पण वाचायला द्या.

बोंडअळी
मी जरा उलटं बोलतो, राग नका मानू ताई. त्या इंग्रजीवरच्या कादंबऱ्या मीबी वाचल्या, बायको चर्चले जाते म्हणून घरात असतात. शेवटच्या पानावर सगळ्यांचंच भलं होते राजेहो, प्रार्थना केली का बँकेचं पत्र येते, भाऊ परत येते. २०१७ ले बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला तेव्हा गावात प्रार्थना करणाऱ्यांचाबी गेला न न करणाऱ्यांचाबी गेला. असल्या गोष्टीवर बसलेला विश्वास एका नापिकीत उडते. तुम्ही तूर सोंगली ते मात्र पटलं, त्यात चमत्कार नाही काही.

नागपुरी वाचक
मूळ मराठीतलं विचारलं म्हणून लिहितो. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती ख्रिस्ती माणसानंच लिहिलेली, विधवांचे हाल आहेत त्यात. खरं सांगू का, मधेमधे गोष्ट थांबते अन् प्रवचन सुरू होते, तरी विधवांचे प्रसंग अजून टोचतात. त्याच्याही आधी जॉन बन्यनचं यात्रेचं रूपक हरि केशवजींनी १८४१ मध्ये यात्रिक क्रमण म्हणून मराठीत आणलं, पण ती भाषा आता जड जाते.

तुम्हाला मी लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे म्हणीन. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, पण कादंबरीपेक्षा सरस. अन् बोंडअळी भाऊंना लागते तसंच आहे, शेवटी कोणाचंच पत्र येत नाही. त्यांचे मिस्टर रेव्हरंड टिळक तर नागपुरातच होते, १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, दिला अन् १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच मागं गेल्या नाहीत हं, चिडल्या, रडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवरा-बायकोत एकानं आधी वाचलं अन् दुसऱ्यानं नाही तर घरात काय होते ते त्यांच्याएवढं कोणीच हसत हसत लिहिलं नाही. तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा, हसतील.

मंडळीतली ताई
बोंडअळी दादा, तुमचं बरोबर आहे, गोड शेवट मलाही पटत नाहीत. बायबलातलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, छोटंसं आहे, तीनच अध्याय. शेवटी म्हणतो अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पीक आलं असं तो कुठंच म्हणत नाही.

बोंडअळी
हे माहीत नव्हतं. पाहतो.

धुऱ्यावरची
सगळ्यांचे आभार. लूक १२ वाचलं, नवऱ्याले मोठ्यानं वाचून दाखवलं तं तो म्हणते म्हणजे तुमच्या येशूनंबी मोजणी केली नाही म्हणा. तुमच्या म्हणाला, आमच्या नाही, पण ऐकलं तं पूर्ण. मोजणीची तारीख काही मागं घेतली नाही त्यानं. स्मृतिचित्रे तालुक्याच्या वाचनालयात मिळेल का, का मागवाच लागेल?

नागपुरी वाचक
मिळायला पाहिजे, जुन्या वाचनालयांत असते. फक्त संक्षिप्त आवृत्ती हातात देतील, ती घेऊ नका, पूर्ण मागा. मूळ चार भागांत निघालं होतं, आता एकाच जिल्दीत येते.