नायट्रेटचा इलेक्ट्रोड, मंगळावरील परक्लोरेट आणि वेदनेचा संकेत : संवेदकाच्या सांगण्यावर किती विसंबावे?

प्रश्न

मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात 2008 साली उतरलेल्या फिनिक्स यानाने तेथील मातीत परक्लोरेट (क्लोरीन आणि ऑक्सिजन यांचा ऋणभारित आयन) शोधले, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. ज्या इलेक्ट्रोडमुळे तो शोध लागला, तो मुळात नायट्रेटचा इलेक्ट्रोड म्हणून बसवलेला होता, हे वाचल्यापासून मात्र एक शंका मनात घर करून आहे. ज्या उपकरणाला नायट्रेट आणि परक्लोरेट यांतला फरक कळत नाही, त्याच्या आकड्यावरून ‘हे परक्लोरेटच’ असे इतक्या ठामपणे कसे म्हणता आले?

दुसरी शंका याच विचारातून आली. मिरचीतील कॅप्सेसिन हा रेणू उष्णता जाणणाऱ्या प्रथिनाला चेतवतो आणि प्रत्यक्ष चटका न बसताही आपल्याला भाजल्यासारखे वाटते. येथेही एका गोष्टीसाठी असलेला संवेदक दुसऱ्याच गोष्टीला प्रतिसाद देतो. ही दोन्ही उदाहरणे एकाच तत्त्वाची मानावीत, की हे साम्य वरवरचे आहे? रसायनशास्त्र, ग्रहविज्ञान आणि चेताविज्ञान या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी कृपया लिहावे. उत्तर तांत्रिक असले तरी चालेल.

प्रतिसाद 1 (विश्लेषणात्मक रसायनशास्त्र)

‘फरक कळत नाही’ हे विधान थोडे दुरुस्त करावे लागेल, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच दडलेले आहे. आयन-निवडक इलेक्ट्रोडच्या टोकाशी एक पातळ पटल असते आणि त्या पटलाच्या दोन बाजूंमधले विभवांतर, एवढीच गोष्ट आपण मोजतो. एकसंयुजी (एकच विद्युतभार असलेल्या) आयनाची क्रियाशीलता, म्हणजे ढोबळमानाने द्रावणातील त्याचे प्रमाण, दहापट झाली, की 25 अंश सेल्सिअस तापमानाला हे विभवांतर सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलते, असे नर्न्स्टचे समीकरण सांगते. कोणत्या आयनामुळे ते बदलले, हे मात्र समीकरणात नसते. ते पटलाच्या घडणीवर ठरते. नायट्रेटसाठी वापरल्या जाणाऱ्या पटलात तेलकट द्रव भिनवलेले प्लॅस्टिक आणि धनभारित अमोनियम गटाचा क्षार असतो. ऋणायनाने आपल्याभोवतीचे पाण्याचे कवच टाकून या तेलकट माध्यमात शिरणे जितके सोपे, तितका त्याचा प्रभाव मोठा. परक्लोरेटचा आयन आकाराने मोठा असून त्याचा एकच ऋणभार चार ऑक्सिजन अणूंवर पसरलेला असतो, त्यामुळे तो पाण्याला फारसा धरून राहत नाही. फ्रान्झ हॉफमायस्टर यांनी 1888 साली क्षारांच्या प्रथिनांवरील परिणामांवरून जी श्रेणी मांडली, तिच्यात तो नायट्रेटच्या पुष्कळ पुढे आहे. फिनिक्सवरील त्या इलेक्ट्रोडची परक्लोरेटविषयीची संवेदनशीलता नायट्रेटच्या तुलनेत सुमारे 1000 पट होती.

आता साधे गणित करून पाहा. सुमारे एक घनसेंटिमीटर, म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम माती 25 मिलिलिटर द्रवात मिसळली होती. मिळालेला संकेत परक्लोरेटचा मानला, तर द्रावणातील संहती सुमारे 2.4 मिलिमोलर येते. म्हणजे 25 मिलिलिटरमध्ये सुमारे 6 मिलिग्रॅम परक्लोरेट, मातीच्या वजनाच्या जवळपास 0.6 टक्के. तोच संकेत नायट्रेटचा मानायचा, तर 1000 पट संहती लागते आणि द्रावणात साडेतीन ग्रॅमहून अधिक नायट्रेट असावे लागते. एक ग्रॅम मातीतून साडेतीन ग्रॅम नायट्रेट निघणे अशक्य आहे. इलेक्ट्रोडला फरक कळत नव्हता हे आपले म्हणणे मान्य केले, तरी नमुन्याच्या वजनाने तो फरक आपोआप करून दिला. मला हा युक्तिवाद विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील अत्यंत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो. अपुरी निवडकता हा इलेक्ट्रोडचा दोष समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. येथे तिचा आकडा नेमका ठाऊक होता, म्हणूनच तीच पुरावा ठरली.

प्रतिसाद 2 (ग्रहविज्ञान)

वरील गणिताला एका स्वतंत्र साक्षीची जोड होती, तिचा उल्लेख करतो. फिनिक्सवर माती तापवून बाहेर पडणारे वायू तपासणारे दुसरे उपकरण होते. त्यात सुमारे 325 ते 625 अंश सेल्सिअसदरम्यान ऑक्सिजन बाहेर पडताना दिसला आणि तो परक्लोरेटच्या विघटनाशी जुळणारा होता. एका उपकरणाने विद्युत विभव मोजला, दुसऱ्याने वायूचे वस्तुमान. दोघांच्या चुका होण्याच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे त्यांच्या एकमताला वजन येते.

मंगळावरील मातीत क्लोरीन आहे हे 1976 मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या क्ष-किरण उपकरणांनी दाखवलेच होते. त्या तंत्राने मूलद्रव्य कळते, ते कोणत्या संयुगात आहे हे कळत नाही, आणि बहुतेकांनी ते साधे क्लोराइड असेल असे गृहीत धरले. फिनिक्सच्या मोजणीत मात्र क्लोराइडपेक्षा परक्लोरेटच अधिक निघाले. व्हायकिंगनेच माती 500 अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय रेणूंचा शोध घेतला, तेव्हा क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन सापडले, आणि ते पृथ्वीवरून सोबत आलेल्या स्वच्छतेच्या द्रावकांचे अवशेष असावेत असा अर्थ लावला गेला. परक्लोरेट तापवल्यावर प्रखर ऑक्सिडीकारक होते आणि जवळचे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकते, हे लक्षात घेऊन 2010 साली अटाकामा वाळवंटातील मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवण्यात आली, तेव्हा हीच दोन संयुगे मिळाली. व्हायकिंगच्या निष्कर्षाचे हे पुनर्वाचन सर्वांना मान्य नाही. तरीही तापवण्याची पद्धतच नमुन्याला बदलून टाकू शकते, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक मोहिमेच्या आखणीत विचारात घ्यावी लागते.

प्रतिसाद 3 (चेताविज्ञान)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘अर्धे साम्य’ असे आहे, आणि मला दुसरे अर्धे अधिक महत्त्वाचे वाटते.

साम्य खरे आहे. चेतापेशीचे पटलही निवडक आयनांना वाट देते. पेशीच्या आत पोटॅशियमची संहती सुमारे 140 आणि बाहेर सुमारे 5 मिलिमोलर असते, त्यावरून नर्न्स्टच्या त्याच समीकरणाने पोटॅशियमचा समतोल विभव (ज्या विभवाला त्याची आत-बाहेर ये-जा सारखी होते तो) सुमारे उणे 90 मिलिव्होल्ट येतो. कॅप्सेसिनची उकल 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत झाली. आज टीआरपीव्ही1 या नावाने ओळखली जाणारी आयनमार्गिका (पेशीपटलातील आयनांना वाट देणारे प्रथिन) कॅप्सेसिनने उघडते, तशीच सुमारे 43 अंशांवरील उष्णतेनेही उघडते, हे तेथे दिसले. या संशोधनासाठी ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळाले.

फरक असा, की नायट्रेटच्या इलेक्ट्रोडला परक्लोरेट हा अडथळा असतो. टीआरपीव्ही1 मात्र अनेक संकेतांची बेरीज करणारी मार्गिका आहे. दाह झालेल्या ऊतीत आम्लता वाढते, ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन यांसारखे रेणू तयार होतात, आणि त्यांच्या प्रभावाने ही मार्गिका कमी तापमानालाच उघडू लागते. म्हणून उन्हाने पोळलेल्या त्वचेवर कोमट पाणीही चटका देते. येथे संवेदक चुकतो आहे असे मी म्हणणार नाही, कारण इजा झालेल्या भागाला जपायला लावणे हेच त्याचे काम आहे. या बहुउद्देशीपणाचा फटका औषधनिर्मितीलाही बसला. टीआरपीव्ही1 बंद करणाऱ्या काही रेणूंच्या मानवी चाचण्यांत रुग्णांच्या शरीराचे तापमान वाढले, तर काहींत घातक उष्णतेची जाणीव मंदावली.

शिवाय संवेदक ठीक असूनही संदेश पोहोचत नाही, असेही घडते. नेकेड मोल-रॅट या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या त्वचेतील आम्ल जाणणाऱ्या मार्गिका व्यवस्थित काम करतात, तरी त्याला आम्लाची वेदना होत नाही. त्याच्या एनएव्ही1.7 या सोडियम मार्गिकेची घडण थोडी वेगळी आहे आणि आम्ल तिलाच रोखते, हे 2011 साली दाखवले गेले. माणसांत ज्यांची ही मार्गिका जनुकीय बदलामुळे निकामी असते, त्यांना जन्मापासून वेदनाच जाणवत नाही. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून 2006 साली हे कळले.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. साडेतीन ग्रॅमचे गणित मी स्वतः मांडून पाहिले आणि शंका पूर्ण फिटली. आता एकच विचारायचे राहिले. मंगळावर इलेक्ट्रोडची साक्ष तपासायला वायूंचे उपकरण होते. वेदनेच्या बाबतीत अशी दुसरी साक्ष कोणती?

प्रतिसाद 3 (पुन्हा)

इजेच्या संकेताबाबत दुसरी साक्ष मिळू शकते. चेतातंतूंतील स्पंदने प्रत्यक्ष नोंदवता येतात. वेदनेबाबत तसे नाही. इजा जाणणाऱ्या चेतापेशींना चेताशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी 1906 साली वेगळे स्थान दिले, परंतु त्या पेशींची सक्रियता आणि वेदना एकच नव्हेत, असे वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांत स्पष्ट लिहिले आहे. केवळ संवेदी चेतापेशींच्या सक्रियतेवरून वेदनेचा निष्कर्ष काढता येत नाही, असे त्या टिपा सांगतात. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार मज्जारज्जूतच संकेत कमी-जास्त केले जातात, आणि अवयव कापल्यावर तो अवयवच नसतानाही त्याच्या जागी वेदना होऊ शकते.

म्हणून वेदनेच्या मोजमापात रुग्णाचे सांगणे हा प्राथमिक पुरावा मानला जातो आणि उपकरणाचा आकडा त्याच्याशी जुळला नाही, तर आधी आकड्याची शंका घ्यावी लागते. बोलू न शकणाऱ्या अर्भकांबाबत व प्रगत स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींबाबत चेहऱ्यावरील ताण, रडणे-कण्हणे आणि हालचाली यांच्या मोजपट्ट्या वापरतात. त्याच टिपांनुसार बोलून सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी एक आहे, आणि ते शक्य नसले म्हणून वेदना नाही असे समजता येत नाही.